पित्ताच्या पुरात तगलेले जीवाणू : एका पंपाच्या शोधाची शंभर वर्षे

१/
१९०७ साली न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने एका स्वयंपाकिणीला तिच्या इच्छेविरुद्ध ताब्यात घेतले. तिचे नाव मेरी मॅलन. तिची प्रकृती ठणठणीत होती. मात्र ती ज्या ज्या घरी कामाला राहिली, त्यांपैकी अनेक घरांत विषमज्वराचे, म्हणजेच टायफॉइडचे रुग्ण आढळले होते. डॉक्टरांचा संशय तिच्या पित्ताशयावर होता. रोगजंतू तिथे ठाण मांडून बसले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पित्ताशय कापून काढण्याचा प्रस्ताव मेरीने धुडकावून लावला.

२/
या प्रकरणात एक कोडे दडले होते. पित्तरस हा जवळजवळ साबणासारखा द्रव आहे. चरबी विरघळवणे हेच त्याचे काम, आणि जीवाणूचे पातळ आवरणही मुख्यतः चरबीचेच असते. मग पित्ताने भरलेल्या पिशवीत एखादा जीवाणू वर्षानुवर्षे जगतो तरी कसा?

उत्तर मिळायला विसावे शतक सरत यावे लागले. ते उत्तर म्हणजे एक पंप होता. आज विषमज्वरावरची औषधे निकामी करण्यातही त्याच पंपाचा हात आहे. त्या शोधाची ही कथा.

३/
प्रथम शब्दाविषयी. मराठीत 'पित्त झाले' असे म्हटले की बहुधा जठरातील आम्ल वाढल्याचा अर्थ असतो. इथले पित्त वेगळे आहे. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर हिरवट-पिवळा रस तयार करते. जेवणाच्या मधल्या काळात तो पित्ताशयात साठतो, तिथे घट्ट होतो आणि अन्न येताच लहान आतड्यात ओतला जातो. त्यातील पित्तक्षारांच्या रेणूची एक बाजू पाण्याला, तर दुसरी स्निग्ध पदार्थाला धरते. म्हणूनच वरणभातावरचे तूप आतड्यात सूक्ष्म थेंबांत फुटते आणि पचते. भांडी घासण्याचा साबणही याच तत्त्वावर चालतो.

४/
पित्त जीवाणूंना मारते, याचा सुबक पुरावा १९०० साली जर्मन संशोधक फ्रेड नॉयफेल्ड यांनी दिला. न्यूमोनियास कारणीभूत होणाऱ्या न्यूमोकोकस जीवाणूंच्या गढूळ द्रवात त्यांनी पित्त मिसळले. पाहता पाहता द्रव नितळ झाला. जीवाणू अक्षरशः विरघळले होते. फुप्फुसात आणि घशात राहणाऱ्या या जंतूची पित्ताशी कधी गाठच पडत नाही. 'पित्तात विरघळतो की नाही' ही परीक्षा पुढे न्यूमोकोकस ओळखण्याची प्रमाण खूण ठरली.

५/
त्याच सुमारास इंग्लंडात या प्रश्नाची दुसरी बाजू उघडत होती. औद्योगिक शहरांचे सांडपाणी नद्यांत मिसळत होते आणि १८९८ मध्ये सरकारने सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी शाही आयोग नेमला होता. त्याच्या कामासाठी लिव्हरपूलच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड थिओडोर मॅकॉन्की हे जीवाणूतज्ज्ञ रुजू झाले. त्यांची अडचण साधी, पण चिवट होती. पाण्यात असंख्य जीवाणू असतात. माती, पाने आणि हवा यांतून आलेले जीवाणू वगळून माणसाच्या आतड्यातून आलेले तेवढे निवडायचे कसे?

६/
मॅकॉन्कींची युक्ती अशी, की जो जंतू आतड्यात राहतो त्याला पित्ताची सवय असणारच. त्यांनी जीवाणू वाढवण्याच्या माध्यमात पित्तक्षार घातले. इतर बहुतेक जंतू तिथे मेले किंवा खुंटले. आतड्यातले मात्र जोमाने वाढले. पुढे त्यात दुधातील साखर आणि रंग बदलणारे एक द्रव्य मिसळण्यात आले. त्यामुळे ही साखर आंबवणाऱ्या ई. कोलायच्या वसाहती गुलाबी दिसू लागल्या, तर विषमज्वराच्या आणि आमांशाच्या जंतूंच्या वसाहती रंगहीन राहिल्या. १९०५ पर्यंत या माध्यमाला त्याचे परिचित रूप आले. 'मॅकॉन्की आगर' आजही जगभरच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत रोज वापरले जाते.

७/
जर्मनीतही पित्त कामाला लागले होते. रॉबर्ट कोख यांच्या पुढाकाराने १९०२ पासून ट्रियर शहराच्या परिसरात विषमज्वराविरुद्ध मोठी मोहीम चालली. आजारी नसलेली माणसेही जंतू पसरवतात, म्हणजे 'वाहक' असतात, हे या मोहिमेतून स्पष्ट झाले. मोहिमेशी संबंधित हाइनरिश कॉनराडी यांनी १९०६ मध्ये रुग्णाचे रक्त बैलाच्या पित्तात मिसळून त्यातून विषमज्वराचे जंतू वाढवण्याची पद्धत मांडली. न्यूमोकोकसला विरघळवणारे पित्त या जंतूला चक्क मानवत होते.

८/
अशा रीतीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच वैद्यकाला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली. आतड्यातले जीवाणू पित्त सहन करतात. त्यावर निदानाच्या पद्धती उभ्या राहिल्या, पाण्याच्या तपासण्या उभ्या राहिल्या. परंतु ते पित्त सहन कसे करतात, या प्रश्नाचा उलगडा कोणाकडे नव्हता. गुणधर्माचा उपयोग होत राहिला, कारण अज्ञातच राहिले.

९/
या अज्ञानाची किंमत मेरी मॅलनने मोजली. १९१० मध्ये तिला पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडण्यात आले. पण दुसऱ्या कामात पोट भरेना. ती नाव बदलून पुन्हा स्वयंपाकघरात शिरली. १९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन प्रसूती रुग्णालयात २५ जण आजारी पडले, दोघे दगावले आणि मेरी तिथे सापडली. त्यानंतर १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती नॉर्थ ब्रदर बेटावरच एकाकी राहिली. दोन्ही खेपा मिळून सुमारे २६ वर्षे. तिच्या शरीरातून हे जंतू हुसकावून लावील असे औषधच तेव्हा अस्तित्वात नव्हते.

१०/
जीवाणू तगतात कसे, याचे पहिले उत्तर 'भिंत' असे होते. १८८४ मध्ये हान्स क्रिस्टियन ग्राम यांनी रंग देण्याच्या पद्धतीवरून जीवाणूंचे दोन गट पाडले होते. ई. कोलाय, साल्मोनेला, शिगेला, पटकीचा जंतू हे सारे 'ग्राम-ऋण' गटातले. नंतर उमगले की या गटाला दुहेरी आवरण असते. आत एक पेशीपटल, बाहेर आणखी एक पटल आणि दोहोंच्या मध्ये एक अरुंद पोकळी. बाहेरचे पटल स्निग्ध पदार्थांना सहजी आत येऊ देत नाही. उत्तर पटण्याजोगे होते, पण अपुरे होते. ते अपुरेपण ध्यानी यायला अनेक दशके गेली, आणि तोवर पंपाचे सुटे भाग भलत्याच संशोधनांत एकेक करून सापडत राहिले.

११/
पहिला भाग रंगांच्या अभ्यासात सापडला. अ‍ॅक्रिफ्लेविन हा पिवळा रंग पॉल एर्लिश यांच्या प्रयोगांतून पुढे आला आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमांवर जंतुनाशक म्हणून वापरला गेला. ई. कोलायवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. १९६५ मध्ये नाकामुरा या जपानी संशोधकाने ई. कोलायचे असे वाण अभ्यासले, की जे एका जनुकातील बिघाडामुळे या रंगाने सहज मरत होते. अ‍ॅक्रिफ्लेविनवरून त्या जनुकाला 'एसीआर-ए' असे नाव मिळाले. हे जनुक नेमके करते काय, हे मात्र गूढच होते.

१२/
दुसरा भाग जीवाणूंच्या आपसातील भांडणात सापडला. काही जीवाणू शेजाऱ्यांना मारण्यासाठी 'कोलिसिन' नावाची विषारी प्रथिने सोडतात. १९६९ चे नोबेल पुढे ज्यांना मिळाले त्या साल्वाडोर लुरिया यांच्या प्रयोगशाळेत १९६७ मध्ये कोलिसिनला दाद न देणाऱ्या ई. कोलायचे वाण तपासले गेले. त्यांतील एका जनुकाला 'टोल-सी' म्हटले गेले. 'टॉलरन्स' या शब्दावरून. गंमत अशी, की टोल-सी बिघडलेले जीवाणू कोलिसिनपासून वाचत, पण रंग, साबण आणि पित्तक्षार यांना चटकन बळी पडत. एक दार बंद करावे आणि दुसरीकडचे छप्पर उडावे, असा हा प्रकार होता.

१३/
तिसरा धागा जपानमधल्या आमांशाचा, म्हणजे रक्ती आवेचा. १८९७ च्या भीषण साथीत कियोशी शिगा यांनी त्याचा जंतू शोधला. 'शिगेला' हे नाव त्यांच्यावरूनच पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये सल्फा औषधे आणि मग नवी प्रतिजैविके सढळ हाताने वापरली गेली. १९५० च्या दशकाच्या मध्यावर तिथे एकाच वेळी चार औषधांना न जुमानणारा शिगेला सापडला. १९५९ मध्ये अकिबा आणि ओचिआई यांनी दाखवून दिले की ही प्रतिकारशक्ती एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. त्सुतोमू वातानाबे यांच्या १९६३ मधील विस्तृत लेखामुळे ही धोक्याची घंटा पाश्चात्त्य जगापर्यंत पोहोचली.

१४/
त्या चार औषधांत एक टेट्रासायक्लीन होते. प्रतिकारक जीवाणू टेट्रासायक्लीनचे करतात तरी काय? पेनिसिलिनच्या बाबतीत ठाऊक होते, की जीवाणू एका विकराने औषध तोडतात. टेट्रासायक्लीन तर अखंड राहत होते. बाहेरून ते आत शिरतच नसावे, असा सर्वसाधारण समज होता. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातील स्टुअर्ट लेव्ही आणि लॉरा मॅकमरी यांना मात्र वेगळी शंका आली. औषध आत येते, पण कोणीतरी ते लगेच बाहेर टाकते.

१५/
त्यांचा प्रयोग समजून घेण्यासारखा आहे. त्यांनी जीवाणू फोडून त्यांच्या पेशीपटलाच्या बारीक पिशव्या बनवल्या, त्याही उलट्या. कापडी पिशवी आतून बाहेर उलटावी, तशा. खरोखरच पंप असेल, तर त्याचेही तोंड उलटे झालेले असणार. जे औषध तो जिवंत पेशीतून बाहेर फेकत होता, तेच आता पिशवीच्या आत भरू लागेल. तसेच घडले. प्रतिकारक जीवाणूंच्या उलट्या पिशव्यांत ऊर्जा पुरवताच टेट्रासायक्लीन साठू लागले. साध्या जीवाणूंच्या पिशव्यांत साठले नाही. १९८० मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जीवाणू औषध चक्क उपसून टाकतात, हे सिद्ध झाले.

१६/
तरीही हा पंप एकमार्गी होता. तो टेट्रासायक्लीनच ओळखत असे आणि प्लाझ्मिड नावाच्या फिरत्या जनुकवलयावरून पाहुण्यासारखा येत असे. १९८३ मध्ये जॉर्ज आणि लेव्ही यांना आणखी चमत्कारिक गोष्ट दिसली. ई. कोलायला एकाच औषधाच्या सौम्य मात्रेत वाढवले, की काही जीवाणू अनेक, एकमेकांशी नाते नसलेल्या औषधांनाही एकदम दाद देईनासे होत. इथे बाहेरून कोणतेही प्लाझ्मिड आले नव्हते. जी काही शक्ती होती, ती जीवाणूच्या स्वतःच्या गुणसूत्रात आधीपासूनच होती आणि केवळ जागी झाली होती. त्या जनुकस्थानाला 'मार' हे नाव मिळाले.

१७/
आता भिंतीच्या उत्तराकडे परतू. बाह्यपटलाचा सर्वांत खोल अभ्यास ज्यांनी केला, ते कॅलिफोर्नियातील बर्कली येथील हिरोशी निकाइदो होत. १९७६ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत बाह्यपटलातील 'पोरिन' ही छिद्रे उघडकीस आली. भिंतीची सर्वांत जास्त ओळख असलेल्या या माणसानेच पुढे आग्रहाने मांडले, की भिंत पुरेशी नाही. ती रेणूंना उशीर लावते, अडवून धरत नाही. जीवाणूची एक पिढी अर्ध्या-पाऊण तासाची असते. तेवढ्या वेळात औषध किंवा पित्त आत झिरपतेच. बारीक भोके असलेल्या होडीत बसून पलीकडे जायचे, तर कोणीतरी सतत पाणी उपसत बसले पाहिजे.

१८/
मग सुटे भाग जुळू लागले. १९९३ मध्ये बर्कलीतच मा, निकाइदो, हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी एसीआर-ए आणि त्याला लागून असलेले एसीआर-बी ही जनुके वाचली. ती एका पंपाची जनुके दिसत होती. १९९६ मध्ये स्पष्ट झाले की 'मार' जागे झाले की प्रतिकार वाढतो, तो मुख्यतः हाच पंप जास्त प्रमाणात बनल्यामुळे. त्याच वर्षी टेक्सासमधील जो फ्रॅलिक यांनी दाखवले, की टोल-सी नसेल तर हा पंप चालतच नाही. रंगांचे जनुक, कोलिसिनचे जनुक आणि औषधांचे जनुक या तीन वेगळ्या दारांतून आत आलेली माणसे एकाच खोलीत भेटली होती.

१९/
आता मूळ प्रश्न उरला. ई. कोलायने हा पंप सांभाळला तरी कशासाठी? अ‍ॅक्रिफ्लेविन तर विसाव्या शतकातले. १९९७ मध्ये थनासी, चेंग आणि निकाइदो यांनी पित्तक्षारांवर प्रयोग केला. जिवंत जीवाणूंची ऊर्जा त्यांनी एका रसायनाने बंद पाडली. लगेच पेशीत साठणारे पित्तक्षार दुपटीहून अधिक झाले. म्हणजे तोवर कोणीतरी ते उपसत होते. पंपाची जनुके बिघडवली, तेव्हाही पित्त जास्त साठले आणि जीवाणूंची वाढ खुंटली. पित्त उपसणारा हा एकटाच पंप नव्हता, त्याला मदतनीसही होते. पण महत्त्वाची कामगिरी याचीच होती. मॅकॉन्कींच्या बशीत जंतू का जगत होते, याचे उत्तर अखेर हाती आले.

२०/
पुढचा शोध अधिकच बोलका ठरला. २००३ मध्ये दिसून आले, की पित्तक्षार आणि मेदाम्ले हीच या पंपाला हाक देतात. ती पेशीतील एका नियामक प्रथिनाला चिकटतात आणि ते प्रथिन पंपाची जनुके अधिक वेगाने चालू करते. पूर येताच अधिक हात उपसायला लावावेत, तसे हे आहे. आतड्यातील जीवन डोळ्यांपुढे ठेवले की ही व्यवस्था अगदी सरळ वाटते. पित्ताचा लोंढा दर जेवणासोबत येतो. पंप त्याच्याच तालावर चालतो.

२१/
हा पंप दिसतो कसा? २००० मध्ये केंब्रिजच्या कोरोनाकिस आणि सहकाऱ्यांनी टोल-सीची रचना उलगडली. ती सुमारे १४ नॅनोमीटर लांबीची नळी आहे. एका मिलिमीटरचा जवळजवळ ७० हजारावा भाग. तिचे एक टोक बाह्यपटलात रुतलेले, दुसरे मधल्या पोकळीत उतरलेले. २००२ मध्ये ओसाका येथील मुराकामी, यामागुची आणि सहकाऱ्यांनी आतल्या पटलातील एसीआर-बीची रचना दाखवली. एसीआर-ए या दोहोंना जोडून धरते. या मांडणीमुळे उपसलेला पदार्थ दोन्ही आवरणांच्या पार जाऊन पडतो. परत यायचे तर त्याला पुन्हा ती सावकाश झिरपणारी भिंत ओलांडावी लागते. भिंत आणि पंप एकमेकांमुळेच बलवान होतात.

२२/
२००६ मध्ये ओसाका आणि झुरिक येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे पंपाची चाल शोधली. एसीआर-बी तीन सारख्या घटकांचे बनलेले असते, पण कोणत्याही क्षणी तिघांची अवस्था वेगवेगळी असते. एक तोंड उघडून वाट पाहतो, दुसऱ्याने माल घट्ट धरलेला असतो, तिसरा तो नळीत ओततो. मग अवस्थांची अदलाबदल होते. विहिरीवरच्या रहाटगाडग्याची आठवण व्हावी अशी ही तऱ्हा आहे; एक गाडगे भरते आहे, एक वर येते आहे, एक रिते होते आहे. फरक एवढाच, की इथे चाक फिरत नाही, केवळ आकार बदलतात. बैलाच्या जागी प्रोटॉन असतात. ते बाहेरून आत येताना जो जोर देतात त्यावर पंप चालतो.

२३/
माल धरणारी खोबण ऐसपैस आहे आणि तिच्या भिंती स्निग्ध पदार्थांना धार्जिण्या आहेत. तिला एकच किल्ली लागत नाही. पित्तक्षार, मेदाम्ले, रंग, साबण यांना तिथे जागा होते. तशीच टेट्रासायक्लीन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि इतर अनेक प्रतिजैविकांनाही. या जनुकांचे भावंड साल्मोनेलातही असते आणि तेही गुणसूत्रातच. म्हणजे दोघांच्या वाटा वेगळ्या होण्याआधीपासून, माणसाने पहिली गोळी बनवण्याच्या कितीतरी आधीपासून हे यंत्र चालू आहे. औषधांशी लढायला ते जन्मलेले नाही. पित्ताशी लढता लढता त्याला औषधेही उपसता येऊ लागली.

२४/
पंप नसेल तर रोग होतो का, हेही तपासले गेले. कॅम्पिलोबॅक्टर हा अतिसाराचा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात सुखाने राहतो. २००३ मध्ये त्याचा 'सीएमई' हा पंप बंद पाडल्यावर तो पित्ताने हतबल झाला आणि कोंबडीच्या आतड्यात बस्तानच बसवू शकला नाही. साल्मोनेलाचा पंप बिघडवला, तेव्हा उंदरांत रोग निर्माण करण्याची त्याची ताकद घटली. पटकीच्या जंतूतही असेच पंप पित्ताविरुद्ध झटतात. तात्पर्य, पंप ही केवळ औषधापासून बचावाची ढाल नव्हे. रोगजंतूला आतड्यात पाय रोवण्यासाठीच तो हवा असतो.

२५/
आता पुन्हा विषमज्वराकडे. १९४८ मध्ये क्वालालंपूर येथे अमेरिकी डॉक्टर दुसऱ्याच तापावर क्लोरॅम्फेनिकॉल आजमावत असताना, विषमज्वराचे रुग्णही त्याने बरे होतात हे त्यांच्या लक्षात आले. आठवडेच्या आठवडे रेंगाळणारा आणि अनेकांचा जीव घेणारा ताप काही दिवसांत उतरू लागला. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि केरळातील कोझिकोडमध्ये त्या औषधाला दाद न देणारे जंतू सापडले. मग नवी औषधे आली आणि तीही निष्प्रभ होत गेली. या माघारीत जंतूंनी निरनिराळ्या वाटा वापरल्या. कुठे औषध निकामी करणारे विकर, कुठे औषधाच्या लक्ष्यातच बदल. २०१६ मध्ये पाकिस्तानातील सिंध प्रांतातल्या हैदराबादेत जी साथ सुरू झाली, तिच्यापुढे तोंडाने घेण्याचे भरवशाचे एकच औषध उरले. ते म्हणजे अझिथ्रोमायसीन.

२६/
आणि इथे जुना पंप पुन्हा रंगमंचावर आला. ढाक्यातील संशोधकांनी २०१९ मध्ये लहान मुलांच्या रक्तातून मिळालेले, अझिथ्रोमायसीनला न जुमानणारे विषमज्वराचे जंतू तपासले. त्यांत बाहेरून आलेले कोणतेही नवे जनुक नव्हते. बदल होता तो एसीआर-बीमध्येच. प्रथिनाच्या साखळीतील ७१७ व्या स्थानावरचा एकच अमिनो आम्लाचा मणी बदलला होता. तेवढ्याने पंपाला अझिथ्रोमायसीन अधिक चांगले उपसता येऊ लागले. असे जंतू पुढे भारत, पाकिस्तान आणि नेपाळमध्येही आढळले. दूरवरून शस्त्र आणण्याची गरज उरली नव्हती. घरातल्याच अवजाराला किंचित धार काढली, की काम भागत होते.

२७/
पंपच बंद पाडणारे औषध का बनवू नये? प्रयत्न दोन दशकांहून अधिक काळ चालू आहेत. प्रयोगशाळेत पंप अडवणारी काही रसायने सापडलीही आहेत. परंतु खोबण इतकी ऐसपैस, की एक कोपरा अडवला तरी दुसरा मोकळा राहतो. एक पंप थांबला तर मदतनीस पंप असतात. शिवाय ही रसायने माणसाच्या पेशींना अपायकारक ठरण्याची भीती असते. असे एकही औषध अद्याप रुग्णाच्या हाती पोहोचलेले नाही.

२८/
म्हणून विषमज्वराच्या इतिहासातील काही जुनी उत्तरे पुन्हा महत्त्वाची ठरतात. लस रक्तातील संरक्षक यंत्रणेला आधीच सावध करते. तिला जीवाणूच्या आत शिरावे लागत नाही, त्यामुळे पंपाचा तिच्यापुढे इलाज चालत नाही. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने विषमज्वराची नवी संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेतून देण्यास सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना ती मिळाली. भारतातील सरकारी पातळीवरची ही अशी पहिली मोहीम होती. २०१९ मध्ये पाकिस्तानने ही लस नियमित लसीकरणात आणली.

२९/
मॅकॉन्कींनी पित्ताचे माध्यम बनवले ते जंतू मारण्यासाठी नव्हे, तर पिण्याच्या पाण्यात मैला मिसळतो आहे का, हे पाहण्यासाठी. तो प्रश्न आजही तितकाच जिवंत आहे. दक्षिण आशियात विषमज्वर अजूनही मुख्यतः दूषित पाणी आणि अन्न यांतूनच पसरतो. प्रत्येक नवे औषध जंतूच्या आत शिरू पाहते आणि तिथे एक फार जुना उपसेकरी त्याची वाट पाहत असतो. गटारापासून वेगळ्या ठेवलेल्या जलवाहिनीशी मात्र त्याला झुंजताच येत नाही, कारण तिथे तो आतड्यापर्यंत पोहोचतच नाही.

(थ्रेड समाप्त)